लालिबेला: कोल्हापूरहून निघून परत येईपर्यंत, कागदपत्रांसकट

५ ते १४ फेब्रुवारी २०२५ या दहा दिवसांत आम्ही दोघं इथिओपियाला जाऊन आलो. मुख्य ओढ एकाच गावाची, लालिबेलाची. उत्तरेकडच्या अम्हारा प्रांतातल्या या डोंगरातल्या गावात खडक वरून खाली कोरत नेऊन तयार केलेली अकरा चर्च आहेत. ज्यानं वेरूळचं कैलास लेणं पाहिलंय, त्याला वरून खाली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कैलास आठव्या शतकातलं. लालिबेलाचं काम बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंतचं मानतात, म्हणजे आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या आसपासचं. समुद्रापलीकडे त्याच काळात छिन्नीवर घाव घालणारी माणसं कशी काम करत होती, ते बघायचं होतं.

अडचण होती ती तिथल्या परिस्थितीची. शेजारच्या टिग्रे प्रांतातलं युद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार होऊन थांबलं. त्या काळात ऑगस्ट २०२१ मध्ये लालिबेला टिग्रेच्या फौजांच्या ताब्यात गेलं होतं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं प्रांतांची विशेष दलं बरखास्त करायला घेतली आणि अम्हारात फानो नावाच्या सशस्त्र गटांशी संघर्ष पेटला. ऑगस्ट २०२३ मध्ये लालिबेलाचा विमानतळ काही दिवस बंद होता आणि प्रांतात आणीबाणी लागली. आम्ही निघालो तेव्हा आणीबाणी उठली होती, पण ग्रामीण भागात चकमकी चालूच होत्या. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक नियम ठरवला आणि तो मोडला नाही: अम्हारात रस्त्यानं प्रवास करायचा नाही. विमानानं गावात उतरायचं, गावातच राहायचं, विमानानंच परत फिरायचं. धोका आहे तो मुख्यतः दोन गावांमधल्या रस्त्यांवर. तिथे अडवणूक होते, अपहरणं होतात, आणि आज मोकळा असलेला रस्ता उद्या बंद झालेला असतो. गोंडर, बाहिर दार, लालिबेला असा गाडीनं फिरण्याचा जुना मार्ग अजून अनेक ठिकाणी सुचवलेला दिसेल. तो सध्या विसरायचा.

आता कागदपत्रं, आणि त्यातही आधी लस. हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

भारतातून थेट जाणाऱ्याकडे इथिओपिया पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र मागत नाही. परत येताना भारत मागतो. इथिओपिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे आणि प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. म्हणजे चूक सहल संपल्यावर कळते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांवरच टोचतात. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक संख्येची नोंदणी घेऊन लस देतात. ऐनवेळी गेलं तर हात हलवत परत यावं लागतं. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाव नोंदवलं आणि १९ डिसेंबरची वेळ मिळाली. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, सकाळी लस, रात्रीच्या गाडीनं परत. पासपोर्ट मूळ न्यायचा, कारण प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत त्याचा नंबर लिहितात. नंबर आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून ताडून बघा, पुस्तिकेवर आपली सही करा. प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घेतलेली लस उपयोगाची नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे: अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या दिवशी अंग थोडं कसकसलं, एवढंच.

व्हिसा ऑनलाइन होतो. पर्यटक व्हिसा, तीस दिवसांचा, एकदाच प्रवेश. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो, फी डॉलरमध्ये आणि कार्डावरूनच. आम्हाला बँकेचं शुल्क धरून माणशी साडेपाच हजारांच्या आसपास पडली. ८ जानेवारीला अर्ज केला, तीन दिवसांत मंजुरीची मेल आली. दोन गोष्टी सांभाळायच्या. पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या रकान्यात जसं आहे तसंच भरायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची सवय असते, ती इथे नडते. आणि फोटोची फाइल जड असेल तर पान नुसतं फिरत राहतं, चूक काय ते सांगत नाही. फाइल लहान करून पुन्हा टाकली की पुढे सरकतं. मंजुरीच्या कागदाच्या दोन छापील प्रती ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त हवी हे वेगळं सांगायला नको.

विमा काढलाच, पण त्याचा मजकूर नीट वाचला. जवळपास प्रत्येक प्रवास विम्यात युद्ध, यादवी आणि बंडाळीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे पाय मुरगळला किंवा पोट बिघडलं तर विमा आहे, गोळीबारात अडकलात तर नाही. हे माहीत असून जायचं की नाही, हा निर्णय ज्यानं त्यानं घरच्यांशी बसून घ्यावा. आमच्या घरी त्यावर पंधरा दिवस बोलणं चाललं होतं, आणि ते योग्यच होतं. जाण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत रोज बातम्या बघायच्या आणि गावातल्या हॉटेलवाल्याला, गाईडला थेट विचारायचं असं ठरवलं होतं. दोघांपैकी एकानं जरी 'थांबा' म्हटलं असतं तर तिकिटाचे पैसे सोडून दिले असते.

पैसे रोख डॉलरमध्ये नेले. नोटा नव्या, न दुमडलेल्या, खुणा नसलेल्या. जुन्या मालिकेच्या नोटा घ्यायला लोक कां-कूं करतात. जुलै २०२४ मध्ये इथिओपियानं आपलं चलन बिर बाजारभावावर सोडलं. त्याआधी डॉलरला ५७ च्या आसपास बिर मिळायचे, काही महिन्यांत दुपटीपेक्षा जास्त मिळू लागले. म्हणून २०२४ च्या आधीचे कुठलेही बिरमधले भाव वाचून हिशेब मांडू नका. बँकेतच नोटा बदला, पावती जपा आणि लागतील तेवढेच बदला, कारण उरलेले बिर परत डॉलर करून घेणं अवघड जातं. लालिबेलात एटीएमवर विसंबून राहू नये. वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात.

सामानात काय नसावं हेही महत्त्वाचं. ड्रोन नेऊ नका. आणि दुर्बीण! आपल्याकडे राधानगरी-दाजीपूरला पक्षी बघायला जाणारी मंडळी दुर्बिणीशिवाय घराबाहेर पडत नाहीत, पण अदिस अबाबाच्या विमानतळावर सामान तपासताना दुर्बिणी अडवल्या जातात. घरीच ठेवा.

४ फेब्रुवारीच्या रात्री महालक्ष्मीनं निघालो. पाचला मुंबईहून अदिस अबाबाचं थेट विमान, साडेपाच-सहा तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. माणशी जाण्या-येण्याचं बेचाळीस हजार पडलं. देशांतर्गत विमानानं पुढे जायचं असेल तर ज्या कंपनीनं इथिओपियात उतरलात तिचंच देशांतर्गत तिकीट काढा. आंतरराष्ट्रीय तिकिटाचा नंबर दिला की स्वस्त पडतं. लालिबेलाचं जाणं-येणं चौदा हजारांत बसलं.

अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आणि लालिबेला अडीच हजारांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही आठशे-साडेआठशे मीटर वर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. म्हणून सहा तारीख अदिसमध्ये नुसती काढली: राष्ट्रीय संग्रहालय, जिथे १९७४ मध्ये हदार इथे सापडलेल्या बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या 'लूसी'ची ओळख होते, आणि भरपूर पाणी. तिथले लोक तिला दिंकिनेश म्हणतात.

घड्याळाचा घोळ इथेच समजून घ्या, नाहीतर विमान चुकेल. इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. गाईड म्हणाला 'उद्या दोनला निघू', तर ते सकाळचे आठ. आपलं पंचांगही दिवस सूर्योदयापासून धरतं, त्यामुळे तर्क लगेच पटतो, पण बोलताना गफलत होतेच. प्रत्येक वेळी 'सकाळी की दुपारी, तुमच्या घड्याळानं की आमच्या?' असं विचारायचं. विमानाच्या तिकिटावर मात्र नेहमीचीच वेळ असते. वर्षंही वेगळी: आम्ही गेलो तेव्हा तिथे २०१७ चालू होतं, तेरा महिन्यांचं. एखाद्या पावतीवर जुनी तारीख दिसली तर घाबरू नका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. देशांतर्गत टर्मिनलच्या दारातच एक तपासणी, आत दुसरी, दोन्हीकडे बूट-पट्टा काढून. अडीच तास आधी पोचलो ते बरं झालं. लालिबेलाचा विमानतळ गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि अम्हारात रस्त्यानं करावा लागणारा एवढाच प्रवास. म्हणून गाडी आधी ठरवलेली, चालक हॉटेलचा ओळखीचा, आणि उतरल्या उतरल्या दिवसाउजेडी निघायचं. वाटेत चौकी लागली. पासपोर्ट पाहिले, कुठे राहणार विचारलं, सोडलं. अशा ठिकाणी मोबाईल खिशात राहू द्या. सैनिक, चौक्या, विमानतळ, पूल यांचा फोटो अजिबात काढायचा नाही. गावात अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही, हे हॉटेलवाल्यांनी न विचारता सांगितलं आणि आम्ही पाळलं. अम्हारात ऑगस्ट २०२३ नंतर मोबाईल इंटरनेट दीर्घकाळ बंद होतं. आम्हाला अधूनमधून मिळालं, पण नकाशे आधी उतरवून घेतले होते आणि हॉटेल, गाईड, अदिसमधला भारतीय दूतावास यांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवले होते. घरी सांगून ठेवा की एक-दोन दिवस संपर्क नाही झाला तर काळजी करू नका.

आम्ही गेलो तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, चर्चचं तिकीट परदेशी माणसाला ५० डॉलर होतं आणि ते चार दिवस चालायचं. तिकिटं वाढत चालली आहेत, माणशी शंभर बाजूला काढून ठेवा. तिकीट पासपोर्टवरून देतात आणि चर्चच्या प्रत्येक गटाच्या दाराशी तपासतात. अधिकृत बिल्ला असलेला स्थानिक गाईड घ्या. दिवसाला पंचवीस डॉलर दिले. सारं गाव यात्रेकरूंवर आणि पर्यटकांवर जगतं, आणि २०२० पासून आधी कोरोना, मग युद्ध यांनी हा ओघ आटवला. शेजारच्या हॉटेलात त्या रात्री एकही खोली भरलेली नव्हती. तिथे घासाघीस करताना हे आठवावं.

चर्च सकाळी आठ ते बारा आणि दुपारी दोननंतर पाचपर्यंत बघता येतात. दुपारच्या सुट्टीत सगळी कुलूपबंद. चार दिवस हाताशी असतील तर एका बैठकीत एकच गट बघा.

अकरांपैकी पाच-सहा वायव्येच्या गटात, चार-पाच आग्नेयेच्या, आणि बेते गियोर्गिस एकटं बाजूला. 'बेते' म्हणजे घर. दोन गटांच्या मधून खडकात खोदलेला पाण्याचा चर जातो, त्याला योर्दानोस म्हणतात, जॉर्डन नदीच्या नावानं. बेते मेधाने आलेम सगळ्यात मोठं, सुमारे ३३ मीटर लांब, २३ रुंद आणि ११ उंच, भोवती चौकोनी खांबांची रांग. बेते मरियमच्या खिडक्यांमध्ये क्रूसाच्या वेगवेगळ्या आकारांसोबत स्वस्तिकही कोरलेलं आहे. आपण ते बघून थबकतो. तिथे ती सजावटीची एक जुनी आकृती आहे. बेते गोलगोथात बायकांना प्रवेश नाही, त्यामुळे कुटुंबासोबत जात असाल तर आधी कळलेलं बरं.

दगड ज्वालामुखीचाच, पण वेरूळसारखा काळा आणि घट्ट नाही. तांबूस, भोकाभोकांचा. लांबून बघणाऱ्याला गगनबावड्याच्या पलीकडे कोकणात दिसणारा जांभा वाटावा. छिन्नीला सोपा आणि पावसाला दुबळा. म्हणूनच कोरणाऱ्यांनी छपरांना आणि भोवतीच्या चरांना उतार ठेवला, पाणी कुठेही थांबू नये म्हणून. बेते गियोर्गिसच्या चराच्या भिंतीशी डोळा लावून उभं राहिलं की छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसतात, बोटभर अंतरावर एकेक, वरून खाली आलेल्या. तळाशी पावसानं त्या पुसल्या आहेत आणि तिथे बोट ठेवलं तर दगडाची पूड लागते. भिंतीतल्या एका कोनाड्यात जुन्या यात्रेकरूंचे सुकलेले देह आहेत, पायांची बोटं बाहेर दिसतात. माथ्यावर एकात एक कोरलेले क्रूस, आणि खाली बारा-पंधरा मीटर खोल गेलेलं क्रूसाच्याच आकाराचं अखंड चर्च. इथे दुपारी साडेतीननंतर या. ऊन तिरकं होतं आणि खोली डोळ्यांना कळते.

२००८ मध्ये युरोपीय मदतीनं चार मोठी पोलादी छतं चर्चवर उभारली गेली. पावसापासून बचाव होतो, पण त्यांचे खांब खडकावर उभे आहेत आणि ती कोसळली तर काय, ही गावकऱ्यांची भीती खरी आहे. छताखाली दगड कोरडा पडून तडकतो असंही गाईडचं म्हणणं. आपल्याकडच्या लेण्यांवर पाझर थांबवायला काय-काय करून पाहिलं जातं, ते माहीत असलेल्या माणसाला हा प्रश्न परका वाटत नाही.

आग्नेय गटात बेते गब्रिएल-रुफाएलकडून बेते मर्कोरियोसकडे जाणारं एक काळोखं भुयार आहे, तीसेक मीटरांहून लांब. रिवाजाप्रमाणे दिवा न लावता जातात, उजवा हात भिंतीवर ठेवून. गुडघे दुखत असतील तर टॉर्च लावा, कोणी रागावत नाही. तिथून बेते अबा लिबानोसला गेल्यावर वर बघा: चारी बाजूंनी सुटं केलेलं हे चर्च फक्त छतानं डोंगराला जोडलेलं राहिलंय. इथे कारागिरांनी खोदायचं कुठे थांबवलं ते स्पष्ट दिसतं, आणि मला अकरांत सगळ्यात जास्त हेच आवडलं.

बूट प्रत्येक दारात काढायचे. बूट सांभाळणाऱ्याला थोडे बिर द्यायचे, त्याचं ते कामच आहे. आत जाड जुने गालिचे असतात आणि त्यांत पिसवा. उंच मोजे घालून पँट त्यात खोवा, संध्याकाळी ते मोजे वेगळ्या पिशवीत. पाद्री क्रूस हातात धरून फोटोला उभे राहतात तेव्हा आधी विचारावं आणि नंतर दक्षिणा द्यावी. रविवारी, नऊ तारखेला पहाटे गेलो. 'नेतेला' नावाच्या पांढऱ्या शाली पांघरलेली माणसं चराच्या कडेला भिंतीला टेकून उभी होती, काठीवर हनुवटी ठेवून, तासन् तास. कॅमेरा काढलाच नाही.

खाण्याची चिंता शाकाहारी माणसानं करू नये, फक्त वार लक्षात ठेवावा. बुधवार आणि शुक्रवार त्यांचे उपासाचे दिवस: मांस, अंडी, दूध, लोणी काहीच नाही. 'येत्सोम' म्हटलं की उपासाचं ताट येतं, त्याला बेयाइनेतु म्हणतात: इंजेरावर डाळी, कोबी, बीट, बटाटा आणि शिरो. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या, नाचणीहूनही बारीक धान्याची आंबवलेली मोठी आंबोळी, चांगलीच आंबट. शिरो आपलं पिठलंच, बर्बेरे मसाला घातलेलं, आणि कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या जिभेला तो तिखटपणा घरचा वाटतो. इतर दिवशी हॉटेलात येत्सोम मिळेलच असं नाही. बंद बाटलीचंच पाणी प्या. रस्त्यात पोरं 'फरेंज' म्हणून हाक मारतात. आपला फिरंगी तोच शब्द.

परतीचं विमान दहा तारखेचं होतं, ते अकरावर गेलं. गावात कोणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. म्हणून लालिबेलाहून परतणं आणि मुंबईचं विमान यांत निदान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवायचे. आमचे तीन होते, दोन उरले. ते अदिसमध्ये कॉफी पिण्यात गेले. हिरव्या बिया समोर भाजून, 'जेबेना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळून तीन वेळा वाढतात, पहिला कप सगळ्यात कडक. घाई असेल तर बसू नका.

दोघांचा मिळून सगळा खर्च, लशीच्या मुंबईच्या फेरीसह, दोन लाखांच्या थोडा आत राहिला. लालिबेलाचं हॉटेल तीस डॉलर रात्रीला, अदिसचं चाळीस.

१४ फेब्रुवारीला मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचा काउंटर लागला. इथिओपियाहून आलेल्यांची वेगळी रांग. पिवळी पुस्तिका उघडून तारीख आणि पासपोर्टचा नंबर ताडला, दोन मिनिटांत सोडलं. आमच्या पुढच्या गृहस्थांनी ती पुस्तिका चेक-इनच्या बॅगेत टाकली होती आणि बॅगा पलीकडच्या पट्ट्यावर येणार होत्या. त्यांना बाजूला बसवलं. पुस्तिका हातातल्या पिशवीत, पासपोर्टसोबत ठेवा, आणि घरी आल्यावरही तिथेच राहू द्या. ती आयुष्यभर चालते.